चौघं पाण्यात

२ डिसेंबर

पुस्तक परत द्यायची तारीख उलटून गेली. ग्रंथपाल ओरडणार. ओरडू दे! अजून दोन प्रकरणं राहिली आहेत.

"काकू, तुम्ही? पाण्याखाली?" पुस्तक देताना त्याने चष्म्यावरून बघितलं होतं. मी म्हटलं, मी कसली जातेय! लेक, जावई आणि नात जाणार आहेत. मी नुसती बरोबर. पण ही माणसं नेमकं काय करणार ते मला कळायला नको का? सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जे काही कळलं ते असंच कळलं. न समजलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, बाजूला पेन्सिलीची बारीक खूण करायची, परत देताना खोडायची.

आज एक कळलं. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. काहीही होवो — घेत राहायचा, सोडत राहायचा. मला इतके दिवस उलटंच वाटत होतं.

४ डिसेंबर

बोट नको हे ठरलं. बोटीत बसलं की जावईबापूंचं पोट ढवळतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत, अजून धक्क्याला बांधलेल्या बोटीत त्यांनी सगळं बाहेर काढलं होतं! तेव्हा किनाऱ्यावरूनच चालत उतरायचं. नवशिक्यांना तेच बरं, पुस्तकही तेच म्हणतं. मी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. दगडांचा किनारा नको, वाळूचा बघ. भरती भरत आली की उतरा, तेव्हा पाणी शांत असतं. वाळूतून पाय घासत चाला, म्हणजे खाली लपलेले मासे आधीच बाजूला होतात. कंबरभर पाण्यात गेल्यावर एकमेकांना धरून पायात ते पंख चढवा, आधी नाही, नाहीतर तोंडावर आपटाल. आणि शेवटच्या दिवशी पाण्यात जायचं नाही. विमानाआधी एक अख्खा दिवस कोरडा हवा.

"आई, तूच ये ना शिकवायला."

हसली. किती दिवसांनी हसली!

सगळा बेत मुळात ह्यांचा. बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. "हे इतकी वर्षं आपल्याकडे राहतात, एकदा आपणही त्यांच्याकडे जाऊन येऊ." वाटणीही करून टाकली होती. "आम्ही चौघं पाण्यात. मी आणि नात एक जोडी, लेक-जावई दुसरी. तू काठावर. टॉवेल घेऊन कुणीतरी उभं राहायला नको?" मी म्हणायचे, राहीन की. आयुष्यभर तेच करत आलेय!

गेल्या वर्षी हे त्याच खुर्चीतून उठले आणि खाली बसले ते बसलेच.

टाकी आता मी धुते. मासे माझ्याकडे बघतात आणि माझ्या मागे बघतात. मला आपलं तसं वाटतं.

७ डिसेंबर

लेक मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. विमानात बसायचंय म्हणून. रक्तदाब, छाती, कानसुद्धा! नाक दाबून फुंकायला लावलं. विमानातही कानाला दडे बसतात म्हणे. डॉक्टर म्हणाले, "आजी ठणठणीत आहेत." लेकीने त्यांना दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की ना?

बाप गेल्यापासून तिला माझ्याबद्दलही भीती वाटते.

१० डिसेंबर

लेक आली होती. स्वयंपाकघरात पीठ मळत होती. हात बरबटलेले, म्हणून म्हणाली, "आई, माझ्या फोनवर त्या पाण्याखाली नेणाऱ्या शिक्षिकेचा निरोप आलाय, पत्ता तेवढा वाचून दाखव."

पत्ता वाचला. खाली लिहिलं होतं — एकूण चार जण. तिघांची मापं मिळाली. चौथ्यांचं माप तुम्ही आल्यावर देणार आहात, ठीक.

मी फोन उलटा करून ठेवला. ती म्हणाली, वाचलास का? म्हटलं, वाचला. जवळच आहे किनारा.

चार! म्हणजे हिने ह्यांना धरलंय. जुनाच बेत, जुनाच आकडा. आणि माप देणार कुठून? गेलेल्या माणसाचं माप कुणी देतं का!

सवयीने झालं असेल असं मी मनाला सांगत होते. पण मग आठवलं — परवा किनाऱ्याचे फोटो दाखवताना ती म्हणाली होती, "बाबांना आवडेल ही जागा." आवडेल! आवडली असती, असं नाही. ती रडली नाहीये अजून. तेव्हा सगळ्यांचं चहापाणी तिनेच बघितलं, आल्या-गेल्याला तिनेच सांभाळलं. मी रोज थोडी थोडी रडते, भांडी घासावीत तशी, आणि पुढच्या कामाला लागते. तिचं सगळं साचलंय.

आता तिथे ती शिक्षिका सगळ्यांसमोर विचारेल, चौथे कुठे आहेत? आणि माझी पोर तिथल्या तिथे कोसळेल. पोरीच्या पोरीसमोर.

११ डिसेंबर

चार. चार. चार. भाजी करपली.

१२ डिसेंबर

सांगावं का तिला? फोन उचलला, ठेवला. जावईबापूंना विचारलं, "बुकिंग नीट झालंय ना सगळ्यांचं?" ते गडबडले. "हो हो आई, तुम्ही कशाला काळजी करता!" आणि विषय बदलला. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. बायकोला बोलायची हिंमत नाही.

मग हे मलाच करायला हवं.

१५ डिसेंबर

बॅगा भरल्या. शेजारणीला माशांच्या खाण्याचा डबा दिला, चिमूटभरच टाक म्हणून बजावलं. लेकीने माझ्या कपाटातून ह्यांची रुंद काठाची टोपी काढली आणि आपल्या बॅगेत ठेवली. मी दारात उभी होते.

"ती कशाला गं?"

"लागेल."

पुढे काही विचारवलं नाही. टोपीच्या आत अजून ह्यांच्या तेलाचा वास आहे. मला माहीत आहे, कारण मी अधूनमधून बघते.

१८ डिसेंबर

पोचलो. दोन खोल्या, मधे गच्ची, समोर समुद्र. निळा म्हणजे किती निळा! मला बसवेना. सामान लावलं, मग पुन्हा वेगळं लावलं. नात — हिला मी टिटवी म्हणते, तोंड मिटत नाही म्हणून — पलंगावर पालथी पडून हातपाय मारत होती.

"आजी, मी मासा झाले!"

"माशाने आधी हातपाय धुवावेत."

संध्याकाळी सगळे तो किनारा बघून आलो. अगदी मी सांगितला तसाच! आत वळलेली वाळू, दोन्ही बाजूंना खडक, मधे पाणी ताटात ओतल्यासारखं. लेक माझ्याकडेच बघत होती. "कसाय? पास?" मी म्हटलं, पास. पोहता येणाऱ्या माणसाला आयुष्यात एवढं तरी बघायला मिळावं. मला पोहता येतं. ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर. सगळे हसत होते, बायको पाण्यात आणि हा काठावरून ओरडतोय, "पाय मार! पाय!" म्हणून.

तेव्हा काठावर ते होते. आज एकदम लक्षात आलं.

१९ डिसेंबर

वारा सुटलाय. लाटांना पांढरे तुरे. आज जमणार नाही.

शिक्षिका स्वतः सांगायला आली. दणकट बाई, उन्हाने केस पिवळट झालेले, गळ्यात शिट्टी. नंतर मी सांगितलं तर टिटवीने लगेच नावच पाडलं, शिट्टी! ती आली तेव्हा तिघं बाजारात गेली होती. मी एकटी होते. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"उद्या किती जणांचं सामान आणणार आहात?"

"चौघांचं. चौथ्यांचं माप राहिलंय, तुमची मुलगी म्हणाली ऐन वेळी देते."

"तीनच आणा. चौथं कुणी नाही."

"नक्की? कारण दुसरे लोक थांबलेत, मी तो संच त्यांना देऊन टाकेन. सुट्टीचे दिवस आहेत, पुन्हा मिळायचा नाही."

"द्या," मी म्हटलं. "आणि उद्या माझ्या लेकीला चौथ्याबद्दल काही विचारू नका. एवढी कृपा करा."

"बरं, आजी."

ती गेल्यावर गच्चीतले टॉवेल परत घड्या केले. घड्या केलेलेच होते.

२० डिसेंबर

जे होऊ नये तेच झालं.

सकाळी वारा पडला. भरती भरत आलेली. शिट्टीने वाळूवर चादर अंथरली आणि सामान मांडलं — हवेच्या टाक्या, मुखवटे, पंख. तीन ढीग. ती बिचारी काही बोलली नाही. विचारलं लेकीनेच.

"चौथा कुठाय?"

शिट्टीने माझ्याकडे बघितलं. लेकीनेही बघितलं. "आई? तू काही बोललीस का हिला?"

मी म्हटलं, "अगं, चौथं कोण आहे आता? तूच सांग."

तिचं तोंड असं झालं, जसं लहानपणी पडल्यावर व्हायचं. रडू येण्याआधीचं. म्हणाली, "तुला असं वाटतं? चौथं कुणी नाही?" आणि चालू पडली. खडकावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. मी उठले, तर जावईबापू म्हणाले, "आई, राहू द्या. अहो, तुमचा काहीतरी... जाऊ द्या. तिलाच सांगू द्या."

शेवटी ते आणि टिटवी, दोघंच उतरले शिट्टीबरोबर. एक संच चादरीवर तसाच पडून. मी टॉवेल घेऊन उभी. बुडबुडे दिसत होते, तिकडे बघायचं की खडकाकडे, कळेना. टिटवी वर आली ती ओरडतच — "आजी, एक मासा अगदी आजोबांच्या टाकीतल्यासारखा! पण केवढा मोठा!" मी तिला पुसलं. पुसतच राहिले. "आजी, बास ना, सोलतेयस मला!"

लेक जेवली नाही. दार लावून पडली आहे. आतून रडण्याचा आवाज येतो. इतक्या दिवसांचं आहे, ऐकताना कळतंय. मी दाराशी जाते, परत येते. बापाला तिच्यापासून मी दुसऱ्यांदा हिरावून घेतलं, असं वाटतं. तीन म्हणायच्या ऐवजी चार राहू दिले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? एक ढीग वाळूत पडून राहिला असता. राहिला असता तर राहिला असता!

उद्याचा एकच दिवस. परवा कोरडं राहायचं, मग विमान.

२१ डिसेंबर

हे वाळूत बसून लिहितेय. वेळ थोडा आहे.

लेक सकाळी चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "बाबा गेले ते मला कळतं गं आई. पुस्तक कुणी वाचलं? किनारा कुणी निवडला? कान कुणाचे तपासून घेतले मी डॉक्टरांकडून? तुला आधी सांगितलं असतं तर नाही म्हणाली असतीस, म्हणून माप मागितलं नाही. चौथी तू होतीस. आणि तू सरळ सांगून टाकलंस, चौथं कुणी नाही!"

चौथा संच गेला तो गेला. तिचा तिने मला दिला. ती काठावर बसली आहे, बापाची टोपी घालून, मांडीवर टॉवेल. टिटवी माझी जोडीदार. शिट्टी वाजली. वही लेकीकडे देते.