धुतलेलं भांडं

३ जून

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीचं पार्सल पोचलं. एका बैठकीत वाचली आणि मग मला जेवण गेलं नाही. भुतांना मी भीत नाही, मला शिसारी आली. पान उलटावं तर कुजका वास, सडलेले ओठ, नखांत अडकलेले केस. नाक धरून पुस्तक वाचायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. दुधावर साय दिसली तरी ताटावरून उठणारा तू, हे लिहितोस कसं?

तेही चाललं असतं. पण ते भूत आधी कोरडं खोकतं, मग ओलं, आणि पायावर निळी शाल ओढतं. ती तुझी आई आहे. तिच्या शेवटच्या आजारपणाचा तू बाजार मांडलास. आणि नवऱ्याला घड्याळजीऐवजी चष्मेवाला केलंस म्हणजे आम्ही ओळखणार नाही होय? तो बायकोला औषधातून विष देतो, डॉक्टर यायच्या आत ओकारीचं भांडं धुऊन ठेवतो आणि त्यावरूनच पकडला जातो. वहिनी गेली त्या दिवशी दादाने भांडं धुतलं होतं, हे मलाही आठवतं. सोन्या, खरं सांग, आपल्या बापाबद्दल तुला तसं वाटतं का?

भिंगातून बारीक चाकं बघून बघून दादाची नजर गेली. रोज संध्याकाळी मीच त्याला वाचून दाखवते. लेकाचं पुस्तक आलंय म्हणून तो इस्त्रीचा सदरा घालून बसलाय. त्याला काय वाचून दाखवू, ते कळव.

राग आहे तितकीच मायाही आहे, दोन्ही घे.
तुझी आत्या

९ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं, कान अजून गरम आहेत. अगं, भूत अत्तर लावून आलं तर त्याला कोण घाबरेल?

राहिलं ते भांडं. तुझ्याशी खोटं बोलत नाही. मी दारात होतो. बाबांनी मला पाहिलं आणि घाईघाईने भांडं उचलून मोरीत गेले. का, ते इतक्या वर्षांत विचारता आलं नाही. विचारता आलं नाही म्हणून लिहिलं. बाबांना एवढं वाचून दाखवू नकोस.

या खेपेला तुझ्या लोभाची जरा जास्तच गरज आहे.
सोन्या

१५ जून

चि. सोन्यास,

आशीर्वाद. पुस्तकापेक्षा तुझ्या पत्राची जास्त किळस आली. बापाला विचारायला जीभ उचलत नाही, आणि साऱ्या जगाला मात्र सांगून मोकळा.

मी दादाला भलतंच वाचून दाखवते आहे. हातात तुझं पुस्तक आणि तोंडात माझी गोष्ट. माझं भूत लोकांचे हरवलेले चष्मे शोधून देतं. खुनी सापडत नाही, कारण अजून कुणी मेलंच नाही. दादा मान डोलावतो. पण हे कुठवर रेटू? माझ्याच्याने आता होत नाही.

तरीही तुझीच,
आत्या

२४ जून

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद. मी सांगतो आहे आणि आत्या लिहिते आहे. ती वाचते झकास, पण पानं उलटायला विसरते. माझे डोळे गेले, कान शाबूत आहेत. म्हणून पुस्तक शेजारच्या शिंप्याकडे नेलं आणि त्याच्याकडून सगळं ऐकलं. तो मधेमधे थुंकायला उठायचा. मी शेवटपर्यंत बसलो. मलाही किळस आली, खोटं कशाला बोलू. खोकला मात्र बरोबर उतरवला आहेस.

आता भांड्याचं. कुणाची ओकारी दिसली की लहानपणी तू दोन दोन दिवस जेवायचा नाहीस. तुझ्या आईला त्याची फार काळजी. त्या दिवशी तिला बोलवत नव्हतं. तू दारात दिसलास तेव्हा तिने आधी तुझ्याकडे बघितलं आणि मग भांड्याकडे बोट केलं. मी ते उचललं, मोरीत नेलं, स्वच्छ धुतलं. परत आलो तोवर ती गेली होती. शेवटच्या क्षणी मी तिच्याजवळ नव्हतो, एवढंच माझ्या मनाला लागून राहिलं आहे.

आत्याचा हात थांबलाय, तिलाही हे आजच कळतंय.

पुस्तकात बदल करू नकोस. शिंपी म्हणतो, भांड्याची जागा फक्कड जमली आहे. तू मात्र एकदा घरी ये, आणि पोटभर जेवून जा.

तुझे,
बाबा