बिनघामाचं अंग

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता फार वर्षं झाली. तरी लिहून राहिलो.

तो चैत तुला आठवत असेल. दूर अमेरिकेत लढाई चालली होती म्हणे, म्हणून कापसाला कधी नव्हे असा भाव आलेला. भाव आणखी चढेल या आशेनं बाबांनी कापूस तोवर घरातच ठेवला होता, आणि ऐन उन्हात तो भरून अमरावतीला गाडी काढली. मी सात-आठ वर्षांचा. डोक्यावर विरळ, भुरे केस, तोंडात मोजके दात, तेही सुळ्यासारखे, आणि कितीही तापलं तरी अंगावर घामाचा थेंब नाही. अंग निवायला माझा सदरा दिवसभर तूच भिजवत राहायचीस, म्हणून मला सोबत घेतलंस. बाजाराबाहेर गाड्यांची रांग हलत नाही. दुपारी मी तापानं बरळायला लागतो. तू बैलांसाठी आणलेला घडा उचलतेस आणि माझ्या अंगावर रिता करतेस. बैल बसले तर गाडी कोण ओढील, म्हणून बाबा ओरडतात. तू माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणतेस, "बैल सांजीपरेंत थांबतीन. हा नाई थांबाचा."

घरी आल्यावर आजीनं हा देवाचा कोप ठरवला, पोराला मठात देऊन टाका म्हणाली. तू तिच्यासमोर बसून तोंड उघडलंस, हिरड्यांतल्या रिकाम्या जागा बोटानं दाखवल्यास. "हे माह्याकडून आलं. माह्या बापालेई दात नव्हते, घाम नव्हता. म्हातारा होऊन गेला तो." त्यानंतर मठाची गोष्ट कोणी काढली नाही.

पुढं तू मला अकोल्याला मामाच्या मळ्यात ठेवलंस. विहिरीचं पाणी हाताशी, आंब्यांची सावली. वांगी-मिरचीला पाणी देताना मी स्वतःही भिजून घ्यायचो. मामानं पंतोजीकडं धाडलं, अक्षरं आली. लग्नही झालं, एक मुलगी झाली. तिचे केस दाट आहेत.

गेल्या महिन्यात तिच्या पोराला पहिले दात आले. दोनच, टोकदार. ती रडत होती. तू आजीला जे सांगितलंस ते मी तिला सांगितलं, सदरा कसा भिजवायचा ते दाखवलं, आणि उठून बाहेर गेलो. मला दुःख झालं असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं, माय. माझ्यासारखं कोणीतरी आलं, म्हणून मला बरं वाटलं होतं.