खोक्यावरचं आडनाव

५ जून, सकाळ.
छापखान्यात आज कॉम्प्युटर आला. खोक्यावर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव, तेच आमचं आडनाव. मुलींसाठी शाळा काढणारे ते जुने सुधारक बहीण-भाऊही याच आडनावाचे. मालक म्हणाले, अरे, सुधारणा तुझ्या रक्तात आणि मशीन तुझ्या घरचं. आजपासून तूच सांभाळ. आमचा ना त्या सुधारकांशी, ना कंपनीशी काडीचा संबंध. सांगणार होतो, पण मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये.
संकल्प: उद्या मशीन सुरू करणे.

६ जून.
सुरू केलं नाही. हवा दमट. मशीनला जपावं लागतं. मालकांनी टेबलावर आडनावाची पाटी ठेवली आहे. ती वाचून एक गिऱ्हाईक आपला बिघडलेला कॉम्प्युटर माझ्यापुढे आदळून गेलं. मी गंभीरपणे मान हलवली.

९ जून.
फर्मान सुटलं. त्या सुधारकांवरची स्मरणिका शनिवारपर्यंत मशीनवर तयार हवी. झाली तर मी कायम, नाही तर घरी. घाबरलेलो नाही. रात्री झोप लागली नाही ती चहामुळे. चहा बंद.

१० जून.
बटण दाबलं. आतून घरघर. वायर उपटली. सावधगिरी म्हणजे भीती नव्हे. मालकांना सांगितलं, निम्मं झालंय. मूळ मजकुरातली एकूण एक वेलांटी मी तपासली आहे. ते निम्मं धरायला हरकत नाही.

११ जून.
धाकटी म्हणाली, दादा, मी येऊ का? मला येतं रे. गेल्या वर्षी तिचा कॉम्प्युटरचा क्लास मीच बंद करवला होता. मैत्रिणीच्या घरी शिकली म्हणे! सुनावलं, हे मुलींचं काम नाही. मग स्मरणिकेतला ‘मुलींना शिकवा’ हा लेख पुन्हा तपासला. शुद्धलेखन निर्दोष.

१३ जून.
मशीनवरचं कापड आपोआप हललं, असं वाटलं. मालक दारातून दोनदा डोकावले. दुपारी धाकटीला बोलावून घेतलं. फक्त वायर धरायला.

१४ जून.
स्मरणिका वेळेत झाली. मी मागे उभा राहून आवश्यक त्या सूचना दिल्या. ती म्हणाली, दादा, उजेड अडवू नकोस. मालकांनी एकेक पान उलटून पाहिलं. शेवटी एवढंच विचारलं, हिचं आडनाव तेच ना? मग पाटी बदलायला नको.

१६ जून.
धाकटी कामावर गेली. डबा विसरली. नेऊन दिला. मालकांनी एका गिऱ्हाइकाशी ओळख करून दिली: हे आमच्या बाईंचे भाऊ.
पाटी जरा तिरकी होती. सरळ करून आलो.