माळवदाची माती

बजाजनगर, औरंगाबाद
५ जानेवारी १९९९

प्रिय आवडा वहिनी,

तुला, दादाला आणि आईला सरूचा नमस्कार. तुलाही दिवस गेल्याचं वाचून मी ओट्यापाशी एकटीच हसले. कडूबामामांनी ज्वारी घरपोच आणून दिली. ज्वारीत खोचलेली पुरचुंडीही मिळाली. तिच्याविषयी पुढं लिहिते.

इकडं नुसता गोंधळ आहे. मागच्या वर्षी माझं चौथ्या महिन्यात पडलं, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीच रक्त तपासलं. त्यात टॉक्सोप्लाझ्मा म्हणून एका जंतूची लागण निघाली. आईला फारसं काही जाणवत नाही म्हणे, पण गरोदरपणात नव्यानं लागला तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका. आधीच कधी होऊन गेला असेल तर बाळाला सहसा भीती नाही. माझं नवं की जुनं ते कळेना, म्हणून पुन्हा रक्त मुंबईला पाठवलं आणि तोवर गोळ्या दिल्या. एकच दुखणं, नवं असलं तर वाईट आणि जुनं असलं तर बरं! मी ह्यांना समजावून सांगितलं आणि सांगता सांगता माझंच डोकं फिरलं.

मांजराच्या घाणीतून हा जंतू पसरतो, एवढं सासूबाईंनी ऐकलं मात्र. "मी आधीच म्हणत व्हते, ते मांजर घरात नगं!" ह्यांनी आमची मनी पोत्यात घालून कंपनीतल्या मित्राच्या मळ्यात सोडली. मी गप्प बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कच्चं मटण, न धुतलेली भाजी, मातीत हात? मी सगळ्याला नाही म्हणाले. हातांचं विचारलं होतं, तोंडाचं कुठं विचारलं? लाज वाटली गं.

आता लिहितेच. माळवदाच्या छतावर टाकायला आणलेल्या पांढऱ्या मातीचा आपल्या मागच्या दारचा ढीग. लहानपणापासून त्यातलं ढेकूळ मी गुपचूप तोंडात टाकते. दिवाळीत तू मला पकडलंस आणि म्हणालीस, "वन्सं, मला बी द्या की जरासं. बघू तरी काय लागतं." तू पैठणची, स्लॅबच्या घरात वाढलेली. तू कधी माती चाखली नव्हतीस. आता लिहितेस, लई डोहाळे लागलेत, तिच्यावाचून दिवस जात नाही. आणि मलाही आठवणीनं पुरचुंडीत बांधून पाठवतेस. त्या ढिगात गावभरची मांजरं उकरत असतात, ते आपण दोघींनी पाहिलंय.

काल माझा रिपोर्ट आला. जुनं आहे. माझ्या बाळाला भीती नाही. मांजर घालवल्याचा गुण म्हणत सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच ओट्यावर ठेवला. लहानपणीच्या मातीनंच मला हे दिलं असेल, आणि तेव्हाच दिलं म्हणून आज बाळ वाचलं असेल. की मनीनं दिलं? डॉक्टरीणबाईंना मी अखेर सगळं सांगितलं, तुझंही. त्या म्हणाल्या, तुमचं कशातून आलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण वहिनींची माती आजच बंद करा आणि त्यांना रक्त तपासायला आणा. नवीन लागण निघाली तरी लवकर गोळ्या सुरू झाल्या तर बाळाला वाचवता येण्याची आशा असते.

वहिनी, तुला लागण झाली असली तर बहुतेक दिवाळीनंतरचीच असेल. चव मी दाखवली. एवढं एकच मला नीट कळतंय, बाकी सगळा घोळ आहे.

माती टाकून दे. फारच वाटलं तर फुटाणे खा. दादाला सांगायला जड गेलं तर सरळ म्हण, सरूनं शिकवलं. तो चिडला तर माझ्यावर चिडू दे. पण दडवू नको, माझ्यासारखी गप्प बसू नको. कन्नडहून पहिली एसटी धर, मी स्टँडवर उभी राहते. दवाखान्यात मी तुझा हात सोडणार नाही.

तुझं रक्त तपासून होईपर्यंत मला माझ्या बाळाचा आनंद करता येत नाही.

तुझ्या पोटातल्या लेकराची आत्या,
सरू