दोन वेळा घंटी

१२ मार्च

कारखाना सुटला आणि बाहेर ऊन. चक्क ऊन. सगळा हिवाळा मामाच्या फर्निचरच्या कारखान्यातून काळोखात बाहेर पडलो, नाकात लाकडाचा भुसा आणि डोक्यात मामा. आज समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली. खांदे रुंद दिसले. ठरलं. उद्यापासून काम सुटल्यावर सायकलिंग. रोज. सायकल बाबांची आहे, पण ते ती चालवत नाहीत, नुसती पुसतात.

सायकलिंगने राग जातो म्हणतात. मला राग येत नाही. लोक आणतात.

१३ मार्च

चेन पडली. चढवली. पडली. सायकलीला लाथ घातली. माझ्या अंगठ्याचं नख गेलं, सायकलीला काही नाही. ताई म्हणाली, बरं केलंस, मालक कोण ते पहिल्याच दिवशी ठरलेलं बरं. तिच्या अंगावर धावून गेलो. लंगडत पोचेपर्यंत तिने दार लावून आतून कडीसुद्धा घातली होती. दाराला बुक्की मारली. दार सागवानी आहे हे विसरलो.

१९ मार्च

कालव्याच्या कडेची वाट सापडली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, मध्ये एका सायकलीपुरती जागा. उतरत्या उन्हात पाणी तांब्याच्या पत्र्यासारखं दिसत होतं. माझ्या बाहीवरचा भुसासुद्धा सोनेरी. कामावरून सुटलोय आणि दिवस अजून संपलेला नाही, ही भावना कुणी शिकवत नाही. मोठ्याने ओरडलो. बदकं उडाली.

तेवढ्यात मागून घंटी. दोनदा. वळून बघितलं. सायकलवर एक मुलगी. पिवळं जॅकेट, लालबुंद चेहरा. कुंपणात जाता जाता वाचलो. तिने परत वाजवली. दोनदा.

समजायचं ते समजलो.

२० मार्च

आज पुन्हा. मी पुढे, ती मागे, थेट पुलापर्यंत. मुलगी आपण होऊन मागे लागते असं कॉलेजात एकदाही झालं नव्हतं. सोडलं ते बरंच झालं. (सरांनी डस्टर फेकला, मी परत फेकला. त्यांचा नेम चुकला, माझा नाही. बाकी काही घडलेलं नाही.)

तिला सोबत व्हावी म्हणून मुद्दाम सावकाश चालवली. तिने बऱ्याच वेळा घंटी वाजवली. मीही माझी वाजवून उत्तर दिलं. लाजून काहीतरी पुटपुटली. नीट ऐकू आलं नाही, पण भावना तीव्र होत्या.

२ एप्रिल

दिवस रोज थोडा थोडा लांबतोय, आमचंही तसंच. मामा म्हणाला, या खुर्चीला चौथा पाय लावायचा राहिलाय. म्हटलं, माणसाचं मन कुठेतरी असतं. म्हणाला, गिऱ्हाईक जिथे बसणार तिथे असावं. डोकं सटकलं. खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. उरलेले तीन पायही निघाले. मामा म्हणाला, चला, निदान सारखी तरी झाली.

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अरे, तिला पुढे जायचं असेल. ताईला प्रेमातलं काही कळत नाही.

९ एप्रिल

तिच्या मागे आणखी एक. काळं हेल्मेट. हातात कसलं तरी घड्याळ, सारखा त्यात बघतो. हा तिला त्रास देतोय. आज ओरडत होता, घाल ना पुढे, घाल. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, कुठून घालू. पोरीला पळायलाही जागा नाही. एकच आधार, पुढे मी. आणखी सावकाश चालवली.

हेल्मेटला मारणार. विषय संपला.

२२ एप्रिल

मारायची प्रॅक्टिस. जेवणाच्या सुट्टीत भुशाच्या पोत्यावर. उजवा, डावा, उजवा. पोतं फाटलं. भुसा पॉलिश केलेल्या ओल्या टेबलावर. मामाने झाडू आणून हातात दिला. झाडूचा दांडा मोडला. तो आधीच कमजोर होता.

६ मे

आज. भरउजेडात. अंधारात मारणारे भेकड असतात, शिवाय तिला दिसायला पाहिजे.

६ मे, नंतर

डाव्या हाताने लिहितोय. पुलाच्या अलीकडे सायकल वाटेत आडवी घातली. ब्रेक लावता लावता ती पडली. तिचा गुडघा फुटला, बाबांच्या सायकलीचं चाक वाकलं. दोन्ही गोष्टी प्लॅनमध्ये नव्हत्या. हेल्मेट धावत आला. मी सगळी ताकद लावून ठोसा हाणला. हेल्मेटवर.

हाड मोडल्याचा आवाज वाटतो त्यापेक्षा बारीक असतो.

त्याने मला बोटही लावलं नाही. मारलं तिने. हवा भरायच्या पंपाने. खांदा, पाठ, परत खांदा. मारता मारता बोलत होती. रविवारी शर्यत आहे माझी. दिवसभर नोकरी, त्यानंतर उजेड असतो तेवढाच सराव. दीड महिना नुसती तुझी पाठ बघतेय. बहिरा आहेस का. शेवटी हेल्मेट म्हणाला, दीदी, बास, त्याचा हात मोडलाय.

दीदी म्हणाला. म्हणजे भाऊ. म्हणजे आमच्या मध्ये कुणीच नाही.

८ मे

प्लास्टर कोपरापर्यंत. बाबांनी आधी सायकल तपासली, मग मला. मामा म्हणाला, पॉलिशपेपर डाव्या हातानेही घासता येतो.

पाठीवर पंपाचे वळ आहेत. विचार केला. दीड महिना माझी पाठ बघत होती. कुणी उगाच इतके दिवस बघत नाही.

१७ मे

गेल्या रविवारच्या शर्यतीत ती तिसरी आली. ताईने सांगितलं, आणि म्हणाली, शेवटचे चार दिवस तरी वाट मोकळी मिळाली तिला. मी म्हणालो, दीड महिना माझ्या मागे चालवून दम वाढला. ताई हसत सुटली. तिला मारलं असतं, पण हात दुखतो.

११ जून

आता संध्याकाळ संपता संपत नाही. काम सुटल्यावर केस विंचरून चालत कालव्यावर गेलो. वाटेच्या तोंडाशी, कुंपणाला टेकून उभा राहिलो. माफी मागणार होतो. मग बाकीचं.

लांबून पिवळं जॅकेट दिसलं. घंटी वाजली. दोनदा. तीच. मी प्लास्टरचा हात वर केला.

वाटेत एक बकरी उभी होती.

बकरी लगेच बाजूला झाली.

ती माझ्या पुढ्यातून गेली. बघता बघता पुलापार. इतकी जोरात चालवते हे मला माहीतच नव्हतं. कधी पुढे जाताना पाहिलंच नव्हतं.

थोडा वेळ बकरीशेजारी थांबलो. अजून बराच उजेड बाकी होता. चालत घरी आलो.