एका गुडघ्याची गादी

शिवलीला,

तू तलावावरून येईस्तोवर मी दुकानात गेलेला असेन. व्हय, तलावाचं कळलंय मला.

महिनाभर तुझा डावा गुडघा सोललेला दिसत होता. विचारलं की "पडले" म्हणायचीस. शाळेत तुला गुडघ्यावर बसवतात असं माझ्या डोक्यानं घेतलं, आणि काल जाऊन मोठ्या बाईंशी भांडलो. सगळ्या शिक्षकांपुढं. तेवढं माफ कर.

बाई म्हणाल्या, "अहो, तिला कोण शिक्षा करणार? विद्यार्थी प्रतिनिधी आहे ती, सगळ्या शाळेच्या रांगा तीच लावते." मग मोबाईलवर दाखवलं. वीतभर रुंदीची होडी, आणि त्यात माझी पोरगी एक गुडघा टेकून वल्हं मारतीय. पहाटे पाण्यावर, दहाला प्रार्थनेला हजर, वर्षात एक खाडा न्हाय म्हणे. मला वाटायचं तू पळायला जातीस.

बाईंनी होड्यांच्या राज्य स्पर्धेचं संमतीपत्रही दाखवलं, त्यावर सही आईची हाय. मी नको म्हणालो असतो, हे दोघींनी बरोबर ओळखलं. तिला काही बोललो न्हाय.

भाकरी खाल्ल्याशिवाय शाळेला जाऊ नको.

कपाटावर गुडघ्याखाली घ्यायची गादी ठेवलीय. रिक्षाच्या सीटला लावतो तोच स्पंज हाय, वरून रेक्झिन शिवलंय, भिजणार न्हाय. माप तू झोपल्यावर सुतळीनं घेतलं.

स्पर्धेत नाव पुकारताना बापाचंही नाव घेतात म्हणे. ऐकायला येऊ का?

अप्पा