दाराला लावलेला लोखंडी तळवा

मुसफ्फा, शनिवार, संध्याकाळ

घरी आलो तर माझा लोखंडी तळवा बाल्कनीच्या दाराला अडकवून ठेवलेला. हाच डाव्या बुटाखाली बांधून मी युरोपात आठ सीझन स्पीडवे खेळलो, पगार घेऊन. आमच्या बाइकला ब्रेकच नसतो. वळणावर मागचं चाक घसरवायचं आणि हा तळवा मातीला घासत तोल धरायचा.

"वाऱ्याने दार आपटतं," सुजाता म्हणाली. "आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला तो कशाला लागणार आहे?"

मनवाने मोबाइलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "बाबा, यू आर फॉर्टी-वन."

एकेचाळीस म्हणजे काय, मेलोय का मी? ऑपरेशन करणारा अल ऐनचा डॉक्टर एवढंच म्हणाला होता की जिने जपून चढा. रेसचं त्याने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही, हेही खरंच.

तळवा उचलला आणि तडक सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेलो. टाचेकडून घासून पार कागद झालेला. सलीमभाई म्हणजे रत्नागिरीचा माणूस, फुकट सल्ला देत नाही. त्यांनी तळवा उलटसुलट करून बघितला.

"परत चालवणार?"

"पुढच्या महिन्यात इथल्या बाइक क्लबची ट्रायल आहे."

"इन्शाल्ला," म्हणाले आणि खाली नवी पट्टी वेल्ड करून दिली.

फडक्यात गुंडाळून आणला, अजून कोमट होता. सुजातासमोरच बुटाला बांधून बघितला. ती नुसती बाल्कनीकडे बघत राहिली. तेवढ्यात दार आपटलं.

आपटू दे.